वाचकांचे प्रश्न : चाळीसच्या भिंगाखाली सगळेच धूसर

प्रश्न : मी नुकताच एक साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक घेतला आहे. त्याची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) १० पटींची असून वस्तुभिंगे (वस्तूजवळची भिंगे) ४, १० आणि ४० पटींची आहेत. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी १० च्या भिंगाने व्यवस्थित दिसतात. मात्र ४० चे भिंग लावताच चित्र फिके व धूसर होते आणि दिवा पूर्ण प्रखर करूनही फरक पडत नाही. २५ पटींची नेत्रिका घेतल्यास सुधारणा होईल का?

उत्तर : होणार नाही, उलट धूसरपणाच मोठा होऊन दिसेल. आपल्या वस्तुभिंगावर बहुधा ४०/०.६५ असे कोरलेले असेल. त्यातला दुसरा आकडा ते भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते हे सांगतो, आणि किती बारीक तपशील उमटेल हे त्यावरच ठरते. ०.६५ च्या भिंगाला साधारण अर्ध्या मायक्रोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. उपयुक्त वर्धनाची मर्यादा या आकड्याच्या सुमारे हजारपट, म्हणजे ६५० पट, धरतात. ४० ला २५ ने गुणून मिळणारे १००० पट वर्धन दिसायला मोठे असले, तरी त्यात नवे काही दिसत नाही.

आपली अडचण प्रकाश कमी असण्याची नसून तो नीट न आवरण्याची असावी. पापुद्रा जवळजवळ पारदर्शक असतो, त्यामुळे डायफ्रॅम (मंचाखालचे, प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारे झडप) सताड उघडा ठेवून दिवा वाढवला की पेशीभित्तिका उजेडात विरून जातात. कंडेन्सर (काचपट्टीवर प्रकाश एकवटणारे खालचे भिंग) वरखाली होत असेल तर तो मंचाच्या, म्हणजे काचपट्टी ठेवायच्या पाटाच्या, अगदी जवळ आणावा, ४० च्या भिंगाने पापुद्रा शक्य तेवढा स्पष्ट करून घ्यावा, मग नेत्रिका काढून नळीत डोकवावे. तळाशी प्रकाशाची गोल चकती दिसेल. तिच्या व्यासाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उजळ राहील इतका डायफ्रॅम मिटवावा आणि नेत्रिका परत बसवावी. तो याहून फार मिटवल्यास कडा ठळक होतात खऱ्या, पण त्यांभोवती काळ्या रेषा उमटून बारकावे हरवतात. उजेड कमी-जास्त करण्यासाठी दिव्याचे बटणच वापरावे. डायफ्रॅमचे ते काम नव्हे.

यानंतरही चित्र धूसर राहिल्यास काचपट्टी तपासावी. भिंगावर ०.१७ हा आकडा असेल, तर ती मिलिमीटरमध्ये दिलेली कव्हरस्लिपची (नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेची) अपेक्षित जाडी होय. कव्हरस्लिप नसली किंवा दोन एकमेकींना चिकटून बसल्या असल्या, तरी ४० च्या भिंगाखाली चित्र बिघडते. पापुद्रा एकाच थराचा, घडी न पडलेला घ्यावा, पाण्याच्या थेंबात पसरावा आणि कव्हरस्लिपची एक कड टेकवून ती तिरपी, सावकाश खाली सोडावी. जाड काळ्या कडेची वर्तुळे दिसली तर ते हवेचे बुडबुडे समजावेत; नवशिके त्यांनाच हमखास पेशी समजतात. कडेला आलेले जादा पाणी टिपकागदाने शोषून घ्यावे, कारण ते भिंगाला लागले की काहीच नीट दिसत नाही. आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा थेंब दिल्यास पेशीकेंद्रके पिवळसर तपकिरी होऊन उठून दिसतात.

जुळवणी नेहमी ४ च्या भिंगापासून सुरू करावी. ४० चे भिंग आणि कव्हरस्लिप यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर उरते, म्हणून तेथे मोठ्या स्क्रूला हात न लावता फक्त सूक्ष्म जुळवणीचा स्क्रू फिरवावा. काचपट्टी चुकून उलटी ठेवली गेल्यास ४ आणि १० च्या भिंगांनी चित्र दिसते, पण ४० ने ते काही केल्या जुळत नाही.

प्रश्न : माझ्या सूक्ष्मदर्शकाला दिव्याऐवजी आरसा आहे. तो सूर्याकडे वळवावा का?

उत्तर : कदापि नाही, त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मोकळे आकाश किंवा टेबलावरचा दिवा पुरेसा आहे. कंडेन्सर असल्यास आरशाची सपाट बाजू वापरावी, नसल्यास अंतर्वक्र.

प्रश्न : प्रत्येक काचपट्टीवर तेच काळे ठिपके दिसतात. ते कशाचे?

उत्तर : नेत्रिका जागच्या जागी फिरवून पाहावी. ठिपके तिच्याबरोबर फिरले तर धूळ तिच्यावरच आहे. वस्तुभिंग बदलताच ते नाहीसे झाले तर दोष त्या भिंगावर आहे. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी आणि मगच भिंगासाठीचा खास कागद फिरवावा, अन्यथा धुळीचेच कण काचेवर ओरखडे पाडतात.