बक्षीस नेहमी त्याच दोघांना

प्रश्न : आमच्याकडे ११ विक्री प्रतिनिधी आहेत. दर तिमाहीला सर्वाधिक विक्री करणाऱ्याला मोठे बक्षीस मिळते, पण ते आलटून पालटून त्याच दोघांकडे जाते. उरलेल्यांचा उत्साह पहिल्याच महिन्यात ओसरतो आणि शेवटच्या आठवड्यात मात्र सवलती देऊन ऑर्डर आणण्याची धावपळ सुरू होते. बक्षिसाची रक्कम वाढवावी, असे व्यवस्थापनाचे मत आहे. आपल्याला काय वाटते?

उत्तर : रक्कम वाढवू नये, असे मला वाटते, कारण रक्कम कमी पडते अशी तक्रार आपल्या पत्रात कुठेच नाही. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस कामात किती जोर लावतो, हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : मेहनत केल्यास काम जमेल का, जमल्यास मोबदला मिळेल का, आणि तो मोबदला त्याला हवा आहे का. गुणाकारात एक घटक शून्य झाला की बाकीचे कितीही मोठे असले तरी उत्तर शून्यच येते. आपल्या नऊ जणांना मेहनतीने स्वतःची विक्री वाढेल हे ठाऊक आहे, परंतु वाढूनही ती त्या दोघांच्या पुढे जाणार नाही, हेही त्यांना तितकेच ठाऊक आहे. तेव्हा बक्षीस दुप्पट केले तरी त्याचा फायदा त्या दोघांनाच होईल, आणि ते तर आजही जोमाने काम करत आहेत.

स्पर्धा एकमेकांशी ठेवण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या मागील कामगिरीवरून आणि वाट्याला आलेल्या क्षेत्रावरून वेगळे टार्गेट द्यावे, आणि ते गाठणाऱ्या प्रत्येकाला बोनस मिळावा. डग चुंग, थॉमस स्टीनबर्ग आणि के. सुधीर यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. वार्षिक टार्गेटच्या वाटेवर राहण्यासाठी तिमाही बोनसचा सर्वाधिक आधार कमकुवत प्रतिनिधींना होतो, तर टार्गेट ओलांडल्यानंतर मिळणारे वाढीव कमिशन अव्वल प्रतिनिधींना थांबू देत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे सर्वांना एकच योजना लावण्याचा हट्ट सोडावा लागेल. हिशेब थोडा किचकट होईल, पण तो लेखा विभागाचा प्रश्न आहे.

शेवटच्या आठवड्यातील धावपळीकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहावे, कारण तिचे मूळ माणसांच्या आळसात नसून योजनेच्या रचनेत आहे. इयान लार्किन यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीतील व्यवहार तपासले, तेव्हा वाढीव कमिशनचा टप्पा गाठण्यासाठी प्रतिनिधी सौदे सोयीच्या तिमाहीत ढकलतात आणि त्यासाठी किंमत उतरवतात, असे दिसले. त्यामुळे कंपनीला महसुलाच्या ६ ते ८ टक्के इतका फटका बसत होता. सवलतीची मर्यादा प्रतिनिधीच्या हातातून काढून घ्यावी किंवा कमिशन विक्रीच्या रकमेवर न देता नफ्यावर द्यावे. मी दुसरा मार्ग निवडेन, कारण पहिल्यात प्रत्येक सौद्याला साहेबांच्या सहीची वाट पाहावी लागते आणि ग्राहक तोवर थांबत नाही.

पैशाशिवायही काही करता येते. ॲडम ग्रँट यांनी एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवून आणली. महिनाभरानंतर त्यांचा फोनवरील वेळ आणि जमवलेली रक्कम दोन्ही दुपटीहून अधिक झाले होते. देणगी मागणे आणि माल विकणे एकच नव्हे, परंतु दिवसभर नकार ऐकणे दोन्हीकडे सारखेच असते. आपल्या मासिक बैठकीत आकडे मोठ्याने वाचून दाखवण्याऐवजी एखाद्या ग्राहकाला बोलवावे, आणि तो थोडा नाराज असला तरी चालेल.

प्रश्न : जाहिरात दिली की अर्ज भरपूर येतात, परंतु भरती झालेले बरेच जण काही महिन्यांत राजीनामा देतात. कर्मचाऱ्यांनी ओळखीची माणसे आणावीत म्हणून त्यांना बक्षीस द्यावे का?

उत्तर : द्यावे, पण आधी मुलाखतीत काय सांगितले जाते ते तपासावे. जॉन वॉनस यांनी १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत काही उमेदवारांना कामातील कंटाळवाण्या बाजूंसह खरे चित्र दाखवले. त्यांच्यापैकी नोकरी नाकारणारे वाढले नाहीत आणि रुजू झालेल्यांच्या मनात नोकरी सोडण्याचे विचार कमी आले. आपल्या उमेदवारालाही अनुभवी प्रतिनिधीबरोबर एक पूर्ण दिवस फील्डवर पाठवावे. जो त्या दिवसानंतर परत येत नाही, तो पुढे प्रशिक्षण घेऊन गेलाच असता.

ओळखीतून भरती करताना जिवलग मित्रांपेक्षा जुने सहकारी, पूर्वीचे ग्राहक अशी नावे सुचवायला सांगावे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. बक्षिसाचा मोठा हिस्सा नवा माणूस वर्षभर टिकल्यावरच द्यावा, आणि ही रक्कम कंपनीच्या भरती खर्चातून जावी. नव्या माणसाच्या विक्रीतून आणणाऱ्याला कायमचा वाटा देण्याची पद्धत सुचवली गेल्यास नकार द्यावा, कारण मग विकण्यापेक्षा माणसे आणणे अधिक फायद्याचे ठरते आणि काही काळाने विक्री करायला कोणी उरत नाही.