फॉरेन्सिक सायन्स म्हणजे नेमकं काय आणि ते सुरू कुठं झालं?

तुम्ही निपाणीचे, बारावीनंतर या शाखेकडं वळायचं म्हणताय, म्हणून सविस्तर लिहितो. मी प्रयोगशाळेतला माणूस नव्हे. बेळगावात २२ वर्षं दस्त लिहितो, रोज अंगठे घेतो. गुन्ह्यातला किंवा वादातला पुरावा शास्त्रानं तपासून कोर्टापुढं ठेवणं म्हणजे फॉरेन्सिक सायन्स. आणि आपल्या देशात त्यातली ठशांची विद्या दस्तावरच वाढली.

१८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्या त्यानं हात वर करू नयेत, एवढाच हेतू. १८७७ला हुगळीत हर्शेल पेन्शनच्या पावत्यांवर आणि नोंदणीच्या दस्तांवर ठसे घेऊ लागला. पण हजारो ठशांतून हवा तो हुडकायचा कसा? ते कोडं कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवलं. कुठल्या बोटावर चक्र आहे यावरून १०२४ कप्पे पाडले. नाव मात्र लागलं वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्रीचं. मला हे अजून खुपतं.

आपण शंख-चक्र बघतो, पण चक्र लाखोंना असतं. ओळख पटते ती रेघ कुठं तुटते, कुठं फाटा फुटतो यावरून. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ एकच असतो, ठसे वेगळे.

दुसरी मूळ कल्पना फ्रान्सच्या एडमंड लोकारची. १९१०ला त्यानं ल्योंमध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली. दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतंच, असं तो म्हणे. खानापूरची तांबडी माती अथणीच्या काळ्या रानात कुणाच्या चपलेला सापडली, तर ती कुठून आली हे विचारावंच लागतं. डीएनएवरून ओळख पटवणं फार नंतरचं, १९८४चं, इंग्लंडच्या ॲलेक जेफ्रीजचं.

आता मी पाहिलेली गोष्ट. एका आजीच्या शेताचं खरेदीपत्र निघालं. दस्त कानडीत, आजीला मराठीही वाचता येत नव्हती. "ह्यो अंगठा माझा न्हवं," एवढंच ती कोर्टात म्हणत राहिली. ठसा तज्ज्ञाकडं गेला. उत्तर आलं: पुसट, तुलनेस अयोग्य. ज्यानं कुणी तो घेतला, त्यानं शाईत बुचकळून अंगठा दाबला होता. रेघांच्या जागी नुसता काळा डाग. खरा की खोटा, हे कुठलंच यंत्र सांगू शकलं नाही. आजी निकालाआधीच गेली.

तेव्हापासून मी अंगठा आधी ओल्या फडक्यानं पुसतो, शाई पातळ लावतो, "हात सैल सोडा, मी फिरवतो," म्हणतो आणि नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवतो. कष्टानं रेघा झिजल्या असतील तर घाई नसलेल्या दस्ताला चार दिवसांनी बोलावतो. आतल्या कातडीला इजा नसली की त्याच रेघा पुन्हा उमटतात.

तुम्ही जरूर या शाखेला जा. बेळगावातही सरकारची विभागीय प्रयोगशाळा आहे. पुरावा उचलायचा कसा, हे पहिल्या वर्षापासून मन लावून शिका. आणि कानडी वाचायला-लिहायला शिकून घ्या. इथले पंचनामे कानडीत असतात.