आधी नोटेशनचे पान : संगीत नियतकालिकाच्या मांडणीविषयी प्रश्नोत्तरे

दिवाळी अंकांची कामे हातावेगळी झाली की पुण्यातल्या हौशी संपादकांना नव्या नियतकालिकाचे वेध लागतात आणि मांडणीविषयीच्या शंकांची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांत संगीताच्या नियतकालिकांविषयीची पत्रे अधिक असल्याने हे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न (सदाशिव पेठ) : आमच्या गायनवर्गाचे त्रैमासिक सुरू करावयाचे आहे. लेख, बंदिशी, मुलाखती आणि छायाचित्रे मिळून ४८ पाने होतील. आकार ए-फोर ठेवावा की लहान? बांधणी कोणती करावी?

उत्तर : आकाराचा विचार करण्यापूर्वी आपला अंक कोठे ठेवून वाचला जाणार आहे, हे पाहावे. आपला वाचक बहुधा विद्यार्थी असेल. तो सतरंजीवर पेटीपुढे बसलेला असतो, अंक शेजारी जमिनीवर उघडा असतो, डोळे आणि पान यांत दोन-अडीच फुटांचे अंतर असते आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. अशा वेळी अंक आपोआप मिटला, तर कितीही देखणा असला तरी तो निकामी होय. म्हणून पाठीला डिंक लावून केलेली चौकोनी बांधणी टाळावी आणि मधोमध दोन पिना मारलेली साधी बांधणी घ्यावी. ४८ पानांना ती उत्तम मानवते आणि खर्चही कमी येतो.

आकारासाठी २० × ३० इंची डबल क्राऊन कागद धरावा. त्याच्या एका तावातून साडेसात × दहा इंची १६ पाने निघतात आणि छाटणीनंतर दिवाळी अंकांमुळे आपल्या परिचयाचा झालेला साधारण सव्वासात × साडेनऊ इंची अंक तयार होतो. एका तावाची ही १६ पाने म्हणजे एक फॉर्मा. ४८ पाने म्हणजे नेमके तीन फॉर्मे, त्यामुळे कागद वाया जात नाही. ५० किंवा ५४ पानांचा मोह धरू नये. पिनांच्या बांधणीत फॉर्मे एकात एक बसतात, त्यामुळे सर्वांत आतला फॉर्मा १७ ते ३२ या पानांचा असतो. छायाचित्रांसाठी चकचकीत आर्ट पेपर हवाच असेल, तर तेवढा एक फॉर्मा त्यावर छापावा आणि बाकीची पाने ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या छपाईच्या कागदावर घ्यावीत. आर्ट पेपरवर ट्यूबलाइटची तिरीप पडली की जमिनीवर ठेवलेल्या पानातला अर्धा मजकूर दिसेनासा होतो. मुखपृष्ठाला चकचकीत लॅमिनेशन करणारे हे सहसा ध्यानात घेत नाहीत.

प्रश्न (कोथरूड) : लेखांची पाने दोन स्तंभांत छान बसली आहेत, पण बंदिशींचे नोटेशन (स्वरलिपी) काही केल्या बसत नाही. ते चित्र म्हणून टाकावे काय?

उत्तर : आपल्या कामाचा क्रम उलटा झाला आहे. संगीताच्या अंकात सर्वांत अवघड पान नोटेशनचे असते. ते आधी लावावे आणि त्यातून निघालेल्या मापांवर लेखांची पाने बेतावीत.

साधा हिशेब करून पाहू. वर सांगितलेले सव्वासात इंची पान सुमारे १८५ मिलिमीटर रुंद असते, तेव्हा समास सोडून मजकुरास १५० मिलिमीटर उरतात. त्रितालाच्या सोळा मात्रा एका ओळीत घेतल्या, तर प्रत्येक मात्रेच्या वाट्याला नऊ मिलिमीटरांहून थोडी अधिक जागा येते. तोच त्रिताल दोन स्तंभांपैकी एकात, म्हणजे ७२ मिलिमीटरांत कोंबला, तर मात्रेस साडेचार मिलिमीटर मिळतात आणि जमिनीवरून वाचता येईल अशा १४ पॉइंटांच्या टाइपात नुसता 'सा' तेवढी जागा व्यापतो. म्हणजे नोटेशनला पूर्ण रुंदीच दिली पाहिजे. एका मात्रेत चार स्वर येणाऱ्या ताना असतील, तर नऊ मिलिमीटरही पुरत नाहीत; तेथे आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत तोडावे. ओळ नेहमी तालाच्या विभागाच्या सीमेवर तुटावी, मात्रेच्या मध्ये कधीही नाही. झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रा सुटसुटीत बसतात. विलंबित एकतालाचे बडे ख्याल स्वरलिपीत पूर्ण देण्याचा अट्टाहास मात्र धरू नये. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) आणि चलन (रागाची चाल) दिले तरी जाणकाराचे काम भागते.

दुसरी गोष्ट समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची. त्रितालातील कितीएक बंदिशींचा मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो. अशा वेळी ओळ खालीपासून सुरू करून सम मध्यावर घ्यावी. पानभर सर्व आवर्तनांची सम एकाखाली एक, एका उभ्या रेषेत आली पाहिजे. गाता गाता नजर पानावर पडते ती सम शोधण्यासाठीच.

तिसरी गोष्ट रेघांची, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपी पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. नोटेशन तक्त्यात बसवून प्रत्येक ओळीखाली आडव्या रेघा ओढल्या, की ही चिन्हे त्या रेघांत मिसळतात आणि कोमल गंधार शुद्ध वाटू लागतो. आडव्या रेघा पूर्णपणे काढून टाकाव्यात, विभागांच्या उभ्या रेघा बारीक ठेवाव्यात आणि दोन आवर्तनांतले अंतर स्वर व बोल यांच्यातील अंतराच्या किमान दुप्पट करावे.

चिन्हांचा खुलासा प्रत्येक अंकात द्यावा. वरचे टिंब भातखंडे पद्धतीत तार (वरचे) सप्तक दाखवते, तर पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत मंद्र (खालचे). पलुस्कर पद्धतीत तार सप्तकाला स्वरावर उभी रेघ देतात, तर भातखंडे पद्धतीत तीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र होतो. पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत शिकलेले आणि भातखंड्यांच्या पुस्तकांवर वाढलेले असे दोन्ही वाचक पुण्यात एकाच वर्गात बसलेले आढळतात, म्हणून 'सर्वांना ठाऊकच असते' असे गृहीत धरू नये.

आता चित्राविषयी. चित्र टाकले तर दुरुस्ती अवघड होते आणि अक्षरे धूसर छापली जातात. युनिकोडमधील वैदिक स्वरचिन्हे, म्हणजे अक्षराखालची आडवी आणि अक्षरावरची उभी रेघ, येथे कामी येतात : ग॒, नि॒, म॑. तार सप्तकाच्या टिंबासाठी अनुस्वार वापरणे मात्र धोक्याचे आहे, कारण तार गंधार आणि गाण्याच्या बोलांतला 'गं' यांत मग काही भेद उरत नाही. टिंब वेगळे, थोडे ठळक आणि शिरोरेषेपासून सुटे असावे.

मीही येथे ठेच खाल्लेली आहे. एका मासिकासाठी जुन्या फॉन्टमधील मजकूर मी युनिकोडमध्ये फिरवून घेतला. त्या रूपांतरात स्वरांखालच्या सगळ्या रेघा गळाल्या आणि कोमल स्वरांच्या भैरवीची बंदिश सगळे शुद्ध स्वर असलेला बिलावल होऊन छापली गेली. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ चोख तपासले होते. तेव्हापासून नोटेशनचे प्रूफ मी गाणाऱ्या माणसाकडूनच तपासून घेतो, आणि तेही पेटीवर वाजवून.

प्रश्न (हडपसर) : मजकुरासाठी कोणता फॉन्ट आणि किती आकार घ्यावा? आमच्या अंकात 'ल' आणि 'श' हिंदी पद्धतीचे उमटतात, अशी वाचकांची तक्रार आहे.

उत्तर : तक्रार रास्त आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवताना या दोन अक्षरांची मराठी वळणे कायम केली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. तेव्हा आधी ती सोय तपासावी. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणे धरूनच केलेला आहे आणि लांब लेखांना शोभतो.

कोणताही फॉन्ट पसंत करण्यापूर्वी त्यात 'षड्ज', 'ऋषभ', 'शुद्ध', 'द्रुत', 'श्रुती' आणि 'दुसऱ्या' हे शब्द छापून पाहावेत. पडद्यावर पाहून भागत नाही, कागदावरच पाहावे. 'षड्ज' नीट जमला नाही, तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही, कारण हा शब्द आपल्याकडे पानोपानी येणार आहे. लेखांस ११ पॉइंट आणि ओळींत १६ पॉइंटांचे अंतर ठेवावे. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने इंग्रजीच्या मापाने लावलेल्या देवनागरी ओळी एकमेकींना भिडतात. रागांची नावे तिरप्या अक्षरांत घालू नयेत. तिरपी केलेली देवनागरी वाऱ्याने कललेल्या मांडवासारखी दिसते, हे माझे वैयक्तिक मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही.

प्रश्न (चिंचवड) : कलाकार मोबाइलवरून छायाचित्रे पाठवतात, ती छापल्यावर खराब येतात. मैफलीच्या छायाचित्रांसाठी काळ्या पानावर पांढरा मजकूर द्यावा, असेही आमच्या चमूला वाटते.

उत्तर : छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा हिशेब धरावा, १२०० पिक्सेल रुंद छायाचित्र चार इंचांपर्यंतच छापावे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेले चित्र आकसते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून मागवावे. रंगमंचावरच्या जांभळ्या-निळ्या दिव्यांत काढलेली छायाचित्रे चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतात. ती निःसंकोच कृष्णधवल करावीत. चेहरा मायक्रोफोनमागे गेला असेल, तर तबल्यावरची बोटे किंवा तंबोऱ्यावरचा हात निवडावा.

काळे पान करू नये. त्यात चार शाईंपैकी एक जरी केसभर सरकली, तरी पांढऱ्या अक्षरांच्या बारीक रेषा भरून येतात आणि सर्वांत आधी अनुस्वार बुजतो. मग 'मंद्र' चा 'मद्र' होतो. एखादी ओळ काळ्यावर पांढरी छापायचीच असेल, तर ती १४ पॉइंटांहून मोठी आणि ठळक असावी.

छायाचित्रकाराचे नाव छायाचित्रालगतच द्यावे. भारतीय कायद्याप्रमाणे छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा जुने आहे आणि आपल्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेले आहे, एवढ्याने ते छापण्याचा अधिकार मिळत नाही.

प्रश्न (नारायण पेठ) : मुखपृष्ठासाठी नावाचे सुलेखन करून घेतले आहे. मुखपृष्ठावर दर वेळी कलाकाराचा चेहराच असावा काय?

उत्तर : सुलेखनाची घाई झाली. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि शीर्षक त्याखाली मंजूर व्हावे लागते. आपले नाव दुसऱ्या कोणाच्या नावाशी जुळते असे निघाले, तर सुलेखनकाराचे मानधन वाया जाईल.

चेहऱ्याची सक्ती नसावी. वर्षाला चारच अंक निघणार असतील, तर एका चेहऱ्याची निवड म्हणजे दहा जणांचा रुसवा, हे पुण्यात वेगळे सांगावयास नको. वाद्याचा जवळून घेतलेला एखादा भाग, जसे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला जव्हारीचा दोरा, मुखपृष्ठ सहज पेलतो. नाव वरच्या तिसऱ्या भागात असावे, कारण विक्रेत्याकडे अंक एकावर एक सरकवून मांडलेले असतात आणि तेवढीच पट्टी दिसते.

प्रश्न (औंध) : लेखासोबत ध्वनिमुद्रण ऐकवण्यासाठी क्यूआर कोड द्यावयाचा आहे. तो कोठे द्यावा?

उत्तर : बाहेरच्या समासालगत द्यावा. पिनांजवळच्या घडीत कागद वळतो आणि कोड वाचला जात नाही. किमान दोन सेंटिमीटर आकार, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा. कोड थेट एखाद्या ध्वनिचित्रफितीकडे न नेता आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावरील पानाकडे न्यावा, म्हणजे मूळ दुवा बंद पडला तरी छापलेला अंक न बदलता मागची जोडणी बदलता येते. आणि कोडाखाली राग, ताल व ध्वनिमुद्रणाची लांबी लिहावी. नऊ मिनिटांचे ऐकायचे आहे की पन्नास, हे माणसाला मोबाइल हातात घेण्यापूर्वी कळलेले बरे.