अमेरिकी परराष्ट्र धोरण: काँग्रेस की राष्ट्राध्यक्ष?

परराष्ट्र धोरणात कुणाचा अधिकार किती, हे समजून घ्यायला आधी अमेरिकी राज्यघटनेची कलमं १ (काँग्रेस, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेली संसद) आणि २ (राष्ट्राध्यक्ष) शेजारी ठेवून वाचा. न्यायालयीन निकाल सध्या बाजूलाच राहू द्या, नाहीतर गोंधळ वाढेल.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- ‘इतर देशांशी होणारा करार सिनेट पक्का करते.’ नाही! हजर सिनेटरांपैकी दोन-तृतीयांश संमती देतात. अनुसमर्थन, म्हणजे करार अंतिमतः पक्का करणं, राष्ट्राध्यक्ष करतात आणि संमतीनंतरही ते थांबू शकतात. प्रतिनिधिगृहाला इथे मत नाही, पण अंमलबजावणीला पैसा लागला की त्याच्याकडे जावंच लागतं.
- सगळे करार सिनेटपुढे जातात, हा समज. बहुतेक कार्यकारी करार असतात, म्हणजे सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षांनी केलेले.
- युद्धघोषणा काँग्रेसची, म्हणून सैन्यही तीच पाठवते असं मानणं. १९४२ नंतर औपचारिक घोषणा झालेलीच नाही, तरी राष्ट्राध्यक्ष सैन्य पाठवत आले. म्हणून १९७३ चा युद्धाधिकार ठराव नीट वाचा: सैन्य पाठवल्यावर राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला कळवणं, आणि काँग्रेसच्या मंजुरीशिवाय सैन्य लढत ठेवायला ६० दिवसांची मुदत.