संदर्भ: दर्भाची जुडी आणि भट्टीची हीट

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघणाऱ्या वाचकाने विचारलंय: 'कॉन्टेक्स्ट' ओळखून जुने रिपोर्ट शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठीत काय म्हणावं? विक्रेत्याच्या पत्रकात 'परिप्रेक्ष्याधारित' छापलंय म्हणे.

परिप्रेक्ष्य आधी खोडा. ती बघणाऱ्याची नजर झाली. तुम्हाला हवाय वस्तूचा शेजारपाजार. म्हणजे संदर्भच. पण तो शब्द आपण पार बोथट करून टाकलाय. 'पाण्याच्या संदर्भात बैठक', 'पगाराच्या संदर्भात अर्ज'. अहो, पाण्याविषयी, पगाराबद्दल म्हणा की!

संदर्भाच्या पोटात 'दृभ्' धातू आहे: गुंफणे, बांधणे. बाराव्या शतकातला 'गीतगोविंद'कार जयदेव 'संदर्भशुद्धी'चा तोरा मिरवतो तो शब्दांच्या गुंफणीसाठी. तळटिपा त्याच्या स्वप्नातही नव्हत्या. आणि श्राद्धात ज्याचं पवित्रक बोटात घालतात तो दर्भही याच धातूचा, असं माझं ठाम मत. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी संस्कृत व्याकरणातली उणादिसूत्रं त्याला 'दॄ' म्हणजे फाडणे या धातूकडे ओढतात. पात्याची कड कापते, कबूल. पण हात कापणारं गवत बांधाबांधावर आहे. गाठ मारून बोटात घालायचा मान दर्भाचा. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही दर्भ दृभ्-पाशीच बसलाय. साहेबाला कळलं, आमच्या उणादीवाल्यांना कळेना! त्यात लॅटिन 'कॉन्टेक्सेरे' म्हणजेही एकत्र विणणे, आणि 'कॉन्टेक्स्ट' तिथूनच आलेला. दोन भाषा, हातकाम एकच.

आता तुमची फौंड्री. ओतकामात 'हीट' म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला रस. आपल्या गुऱ्हाळावरचं आदणच म्हणा ना. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बिघडला की गूळ करणारा गुळव्या आधी आदण कुठलं ते विचारतो. तसं कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून झालेली भोकं, आले, तर तो पार्ट, ती हीट, त्या पाळीतला वाळूचा ओलावा, ओततानाचं तापमान, कोअरचा (साच्यात पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याचा) गॅस निघायची वाट, या सगळ्यांचे कागद एका जुडीत यावेत. 'हीट' टाइप केल्यावर हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे तयार पार्ट तापवून-निववून घ्यायच्या वेगळ्याच कामाच्या, फायली कोसळल्या, तर तो नुसता पाला.

हां, नाव राहिलंच. 'संदर्भजाणता शोध' म्हणा. नुसतं 'संदर्भशोध' नको, ग्रंथपाल कोश काढायला उठेल.