एजंट म्हणतो, 'सहा महिने फ्लॅट विकायला फक्त माझ्याकडेच द्या, २ टक्के घेईन.' इंदिरानगरचा फ्लॅट आहे, सही करू का?

एवढ्यात नको. टक्क्यावर सगळेच घासाघीस करतात. खरी गोम मुदतीत आणि 'फक्त माझ्याकडेच' यात असते. सहाऐवजी दोन महिने म्हणा, गिऱ्हाईकं आणली तर वाढवू.

आमचा पाथर्डी फाट्याचा टू बीएचके शेवटी समोरच्या विंगमधल्या काकांनीच घेतला. एजंटने एकही पार्टी आणली नव्हती, तरी दलालीचा फोन आला. कागद काढून बघतो तर 'मुदतीत कोणालाही विकल्यास' असं लिहिलेलं, खाली माझीच सही! म्हणून ओळखीत, सोसायटीत कोणी विचारून गेलं असेल तर त्यांची नावं आधीच लिहून 'यांना विकल्यास दलाली नाही' असं घाला.

दलाली विसार (टोकनची रक्कम) घेतल्यावर नाही, खरेदीखत नोंदल्यावर द्यायची. फार तर थोडी साठेखताला, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री-कराराला. विसारानंतर पार्टी कर्ज नामंजूर झालं म्हणून मागे फिरते, मग दिलेले पैसे परत मागत बसावं लागतं. २ टक्क्यांत जीएसटी धरलाय का, हेही विचारा. एजंटची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के लागतात. ५० लाखांच्या फ्लॅटला दलाली १ लाख, त्यावर १८ हजार. एजंट फ्लॅट घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार असेल तर १ टक्क्यावर अडून बसा.

आणि एजंटला चावी देऊ नका बुवा.