सामुद्रधुनीतली 'धुनी' कुठली?

प्रश्न असा आलाय की सामुद्रधुनीतली धुनी म्हणजे साधूबुवांची धुनी का, आणि लिहायचं कसं, सामुद्रधुनी की समुद्रधुनी.

नाही, तिचा काही संबंध नाही. पण हसण्यासारखं काही नाही त्यात, शाळेत पाल्कची सामुद्रधुनी पाठ करताना माझ्याही डोळ्यासमोर राख फासलेले बुवा भर समुद्रात शेकत बसलेले यायचे. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. अमरकोशात नदीची नावं एका दमात येतात त्यात तटिनी, ह्रादिनी, धुनी अशी ही पण आहे, गंगेला सुरधुनी म्हणतात ती हीच धुनी. मूळ अर्थ गर्जणारी, खळाळणारी. तर सामुद्रधुनी म्हणजे समुद्राची नदी.

आता कुणी म्हणेल की पुस्तकात तर 'दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी' एवढंच होतं, नदी कुठून आली मधेच? त्याने तुर्कस्तानातली बॉस्फरस सामुद्रधुनी बघावी. लांबी ३० किमीच्या आसपास, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर, आणि खरंच वाहते. डॅन्यूब, नीपर वगैरे नद्या काळ्या समुद्रात एवढं पाणी ओततात की जास्तीचं पाणी इस्तंबूलमधून मार्मारा समुद्राकडे धावत सुटतं. गंमत म्हणजे तळाशी उलटा प्रवाह आहे, भूमध्य समुद्राकडचं जास्त खारट, जड पाणी खालून काळ्या समुद्रात शिरतं. तिथल्या कोळ्यांना हे माहीत होतंच, १६७९-८० च्या सुमारास मार्सिली नावाच्या तरुण इटालियनने ते त्यांच्याकडून ऐकलं आणि दोरीला वजन बांधून, जागोजागी पांढरे रंगवलेले बूच लावून ती नावेतून खाली सोडली, तर वरचे बूच एका बाजूला ओढले गेले आणि खोलवरचे बरोब्बर उलट्या बाजूला! एका पात्रात दोन धुन्या. हिंदीतलं जलडमरूमध्य नुसता आकार दाखवतं, आपल्या शब्दात पाणी वाहतंय, म्हणून मला तो जास्त आवडतो.

तुर्की लोक मात्र सामुद्रधुनीला बोआझ म्हणतात, म्हणजे घसा, गळा. ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५२ मधे ऐन अरुंद जागी युरोपच्या काठावर किल्ला बांधला (समोर आशियाच्या काठावर त्याच्या पणजोबाचा होताच), त्याला नाव पडलं बोआझकेसेन, सामुद्रधुनी कापणारा किंवा सरळ गळा कापणारा, दोन्ही अर्थ लागतात. न थांबणारं व्हेनिसचं एक जहाज तिथून तोफ डागून बुडवलं आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) पडलं. बॉस्फरस हे नाव ग्रीक, अर्थ बैलाचा उतार, म्हणजे बैल पार होतो ती जागा. ऑक्सफर्डचाही अर्थ तोच!

राहिलं सा की स. सामुद्र म्हणजे समुद्राचं, त्यामुळे सामुद्रधुनी, भूगोलाच्या पुस्तकात हेच असतं. समुद्राची धुनी असा समास सोडवला तर समुद्रधुनीही चूक म्हणता येत नाही, पेपरवाले सर्रास लिहितात. चूक म्हणायचंच तर 'होर्मुझची खाडी'ला म्हणा, खाडी आपली ठाण्याची, वसईची, भरती-ओहोटीचं पाणी आत घेणारी, होर्मुझला पाणी दोन्हीकडून मोकळं आहे. ते हिंदी बातमीतनं उचललेलं असणार, हिंदीत आखातालाही खाडीच म्हणतात.